अष्टमीचा समुद्र

भर दुपारी बारा वाजता, हातात शेंडीचा नारळ घेऊन अर्चना इंग्लंडातल्या वेस्टनच्या प्रॉमनेडवर येऊन उभी राहिली, आणि समोर समुद्रच नव्हता.

अगदीच नव्हता असं म्हणता येणार नाही. पार क्षितिजाच्या बुडाशी एक राखाडी रेघ दिसत होती. तिला समुद्र म्हणायचं असेल तर म्हणावं. पण त्या रेघेच्या अलीकडे मैलभर नुसता चिखल, आणि चिखलाच्या अलीकडे वाळू. वाळूवर गाढवं पोरांना पाठीवर घेऊन निमूटपणे जात-येत होती. समुद्रात शिरणाऱ्या पियरचे खांब मुळापर्यंत उघडे पडले होते.

"आत्या, समुद्र कुठे गेली?" ईशिताने विचारलं. अनुपची ही नऊ वर्षांची लेक ग्लासगोची. तिच्या मराठीत समुद्र बाई होता आणि बस बुवा, आणि तिला कुणी टोकत नसे.

"येईल हं आता. पौर्णिमा आहे ना आज? मोठ्ठी भरती असते."

"आता म्हणजे कधी?"

"आता म्हणजे आता," अर्चना म्हणाली आणि नारळ या हातातून त्या हातात घेतला.

मागून अनुप आला. तिच्याहून पाच वर्षांनी धाकटा, पण डोक्यावरचे केस बघून कुणीही त्याला थोरला म्हणावं. फोन पुढे करत तो म्हणाला, "ताई, हाय टाइड सकाळीच होऊन गेली. आता एकदम संध्याकाळी, साडेसातनंतर. दुपारभर असंच राहणार."

"अ‍ॅप काहीही सांगतं."

"अ‍ॅप नाही सांगत, चंद्र सांगतो," अनुप म्हणाला. "मी मागचा आठवडा म्हणत होतो. तुलाच पौर्णिमा हवी होती."

हवी होतीच. नारळी पौर्णिमा, राखी, समुद्र आणि सगळं घर एका जागी; यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला? तिने गुहागरच्या चुलत बहिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारूनसुद्धा घेतलं होतं. "पौर्णिमेला भर दुपारी भरती, डोळे मिटून ये," असं तिने कळवलं होतं. आता गुहागरचा समुद्र आणि ब्रिस्टलच्या खाडीचा समुद्र एकाच घड्याळावर चालत नाहीत, हे अर्चनाच्या डोक्यात यायला हवं होतं. पण माणसाला जे हवं असतं तेच तो विचारतो आणि तेवढंच ऐकतो.

तिला काय हवं होतं ते बरोबर आलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं. उद्या रविवारी सकाळी अनुप, त्याची बायको अक्षया आणि ईशिता ग्लासगोला निघणार होते, आणि त्या गाडीत बाबा बसणार की नाही, याचा निकाल लागायचा होता. आई जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून बाबा अर्चनाकडे ब्रिस्टलला होते. दिवाळीत अनुपने विषय काढला, "बाबा, आता आमच्याकडे या ना." बाबा म्हणाले होते, "ऑगस्टात सांगतो." त्याच दिवशी अर्चनाने मनाशी ठरवलं, की ऑगस्ट असा करायचा की बाबांच्या तोंडून 'जातो' हा शब्द निघताच कामा नये.

म्हणून तर लहानपणीचंच कॅराव्हॅन पार्क, समुद्राकाठची ती चाकांवरच्या घरांची वसाहत. शेजारीशेजारी दोन कॅराव्हॅन, पूर्वीसारखे पट्ट्यापट्ट्यांचे टॉवेल, थर्मासमधला आल्याचा चहा, हिरव्या चटणीची सँडविचेस.

पूर्वी दर ऑगस्टात केळसकरांचं चौकोनी कुटुंब इथे आठवडाभर येऊन राहायचं. ब्रिस्टलहून वेस्टन तासाभराच्या आत. एवढ्याशा अंतरावर कुणी आठवडाभर राहायला जातं का, असं ओळखीतले लोक हसायचे. बाबा विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर. मार्च-एप्रिलमध्येच ते भारतातून मागवलेलं पंचांग उघडून बसायचे आणि सुट्टीचा आठवडा ठरवायचे. ना कुठली पूजा, ना उपास, पण वेस्टनला जायचं तर पंचांग बघून. "तुझ्या बाबांचा देव फक्त समुद्राकाठी असतो," असं आई चिडवायची.

आणि काय तो समुद्र. जेवणं झाली की थेट वाळूवर आलेला असायचा. बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडेपर्यंत दोघं त्यात. 'पुढे जाऊ नका', 'आता पुरे', असं कुणी म्हणाल्याचं अर्चनाला एकदाही आठवत नव्हतं. सकाळी पाणी लांब असलं तर बाबा सांगायचे, "समुद्र कामावर गेलाय. दुपारी येईल." शेवटच्या दिवशी मात्र रडारड ठरलेली. मग बाबा खिशात गाडीची किल्ली चाचपत, कुणाच्याही तोंडाकडे न बघता म्हणायचे, "उद्यापासून समुद्र बंद आहे बरं का. पाटी लावलीय त्यांनी." बंद असलेल्या गोष्टीसाठी कोण रडणार? दोघं मुकाट गाडीत बसायची. अर्चनाला अकराव्या वर्षापर्यंत ते खरं वाटत होतं, आणि ती शाळेतही सांगून आली होती.

"बाबा, तुम्ही तरी सांगा," वाळूवर सतरंजी अंथरून झाल्यावर ती म्हणाली. "पूर्वी भर दुपारी समुद्र इथपर्यंत यायचा की नाही?"

फोल्डिंगच्या खुर्चीत, टोपी डोळ्यांवर ओढून बसलेले मुरलीधर म्हणाले, "यायचा."

"मग?"

"मग काय. आज नाही आला."

हे असं. आई गेल्यापासून बाबांचं बोलणं इतकंच. विचारलं तेवढं उत्तर, त्यावर एक शब्द नाही. थोड्या वेळाने ते उठले आणि ईशिताला घेऊन गाढवांकडे गेले. तिकडे मात्र त्यांचे हात हलत होते, ते काहीतरी लांबलचक समजावत होते आणि पोरगी मान वर करून ऐकत होती. अर्चनाने ते पाहिलं आणि नजर काढून घेतली.

बाबा लांब गेलेले बघून अक्षयाने तोंड उघडलं. अनुपची बायको नागपूरची, हॉस्पिटलात डॉक्टर. आडपडदा तिच्या गावी नव्हता.

"ताई, बाबांचं काय ठरलं? मला सप्टेंबरच्या ड्यूट्यांचा रोटा कळवायचाय. ते नाइट्सवर नाइट्स लावून राहिले मला. अनुप सहाशिवाय येत नाही, आणि ईशिताची शाळा तीनला सुटते."

"म्हणजे बाबा तुम्हाला पोर सांभाळायला हवेत."

"तसं नाही गं ताई," अनुप म्हणाला.

"तसंच आहे," अक्षया शांतपणे म्हणाली. "मला बाबांची गरज आहे. खोटं कशाला बोलू? तुमच्याकडे त्यांना आराम आहे, हे मला दिसते. पण त्यांना आराम पाहिजे का, हे कोणी विचारलं?"

अर्चनाने विनयकडे पाहिलं. तिचा हा पुण्याचा नवरा पंचवीस वर्षांच्या संसारात सासरच्या भांडणात कधी पडला नव्हता. सँडविच खाली ठेवून तो म्हणाला, "अर्चना, खरं सांगू का? मागच्या महिन्यात बाबांनी डिशवॉशर लावला. तू सगळी भांडी काढून परत लावलीस. सकाळी ते स्वतःचा चहा करायला उठले, तर 'बसा बसा' करत तू धावत आलीस. त्या दिवसापासून ते खाली येतच नाहीत, तू चहा वर नेऊन देईपर्यंत."

"त्यांचा हात भाजला असता म्हणून गेले मी."

"त्यांनी विमानांची इंजिनं जोडलीत."

"तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"यात बाजू कसली?" विनय म्हणाला, आणि बाजू कुठली ते तिला नीट कळलं.

घरचा माणूसच फितूर झाल्यावर बोलायचं कुणाशी? दोन वर्षं. पथ्यपाणी, औषधं, डोळ्यांचं ऑपरेशन, रात्री त्यांच्या खोलीतला दिवा मालवला का म्हणून दोनदोनदा जिना चढणं. आणि त्याचा अर्थ काय, तर म्हणे चहा करू दिला नाही. तिने नारळ उचलला.

"मी वाहून येते. समुद्र येत नसेल तर मीच जाते त्याच्याकडे."

"ताई, अगं फार लांब आहे ते," अनुप म्हणाला. ती थांबली नाही. गाढवांपाशी ईशिताने तिला पाहिलं, आजोबांचा हात सोडला आणि "आत्या, मी पण" म्हणत मागे धावली.

वाटेत 'पुढे खोल चिखल, जाऊ नका' अशी एक पाटी होती. अशा पाट्या लहानपणी होत्या की नव्हत्या कोण जाणे. त्यांच्यापर्यंत जायची वेळच कधी आली नव्हती. अर्चना पुढे गेली. वाळू संपली, मग ओली झाली, मग चकाकू लागली. तिच्या डोक्यात विनय बोलत होता आणि ती त्याला एकेक उत्तर देत होती. चांगलं सणसणीत एक उत्तर सापडलं, आणि त्याच पावलाला सँडल आत गेली.

तिने ओढली. पाय आला, सँडल राहिली. दुसऱ्या पायावर जोर दिला तर तो पोटरीपर्यंत गेला, आणि पहिला पुन्हा टेकवला तो गुडघ्यापर्यंत. चिखल गार होता आणि धरून ठेवत होता. ती जितकी ओढाताण करत होती तितकी खाली जात होती.

"आत्या," मागून आवाज आला. "माझी पाय येत नाही."

तिने मान वळवली. चार पावलांवर ईशिता, नडगीपर्यंत रुतलेली, दोन्ही हात पसरून उभी. तिचा चेहरा अजून रडायच्या अलीकडे होता. अर्चनाला वळता येत नव्हतं, पोरीपर्यंत हात पोचत नव्हता. समोरची ती राखाडी रेघ आता रेघ राहिली नव्हती. तिला हलणारी कड आली होती.

"ईशिता. खाली बस."

तो आवाज तिने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. मुरलीधर कोरड्या वाळूच्या शेवटच्या टोकावर उभे होते. टोपी कुठेतरी पडली होती.

"आजोबा, घाण आहे."

"असू दे. बस. ढुंगणावर बस. शाब्बास. आता मागे झोप, उशीवर झोपतेस तशी. घाबरायचं नाही. आता एक पाय हलव, हळू, अगदी हळू. निघाला? आता दुसरा. आता पालथी हो आणि रांगत ये माझ्याकडे. उभं राहायचं नाही."

पोरगी अक्षर न् अक्षर ऐकत होती. शेवटी रांगत रांगत ती पोचली आणि त्यांच्या पायांना मिठी मारून मग मोठ्याने रडली.

"आता तू, अर्चना. मागे बस."

"बाबा, नाही जमत."

"जमतं. आधी तो नारळ टाक."

तेव्हा तिला कळलं, इतका वेळ ती नारळ छातीशी कवटाळून उभी होती. तिने तो टाकला, मागे बसली, आडवी झाली. गार चिखल मानेपर्यंत आला. तोवर अनुप ईशिताचा पाण्यावर तरंगायचा बॉडीबोर्ड पुढे सारत पोटावर सरपटत येत होता. त्याने तिचे खांदे धरले, तिने बोर्ड धरला, आणि इंच इंच करत दोन्ही पाय सुटले. तिकडून अक्षयाही धावत आली होती. तिने लेकीला एकदा पायापासून डोक्यापर्यंत चाचपलं आणि उचलून घेतलं. अर्चनाकडे ती पाठ करून उभी राहिली.

बोलला तो अनुप. चिखलाने माखलेल्या तोंडाने, दम घेत, अगदी हळू. "ताई, माझी मुलगी होती तिथे."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं एरवी म्हणायची पद्धत आहे. धरणीने आत्ताच तो प्रयत्न करून पाहिला होता, आणि बाबांनी तो हाणून पाडला होता.

संध्याकाळी समुद्र आला. सांगून ठेवल्यासारखा, साडेसातनंतर, आणि थेट भिंतीपर्यंत. तपकिरी, जाडजूड, दाणदाण आदळणारा. सतरंजी टाकली होती ती जागा पाण्याखाली होती. जिथे दोघी रुतल्या होत्या तिथे आता किती पुरुष पाणी असेल याचा अंदाज बांधायचंही अर्चनाला धाडस होईना. बाकीची मंडळी चिप्स आणायला गेली होती. बाकावर ती आणि बाबा दोघंच होते.

"पौर्णिमेचा समुद्र हा असा," मुरलीधर म्हणाले. "इथे पौर्णिमा-अमावास्येला मोठी भरती सकाळ-संध्याकाळीच येते. दुपारी मैलभर चिखल. भर दुपारी पाणी हवं तर अष्टमी गाठावी लागते. अष्टमीला भरती लहान, ओढ कमी. पोरांना खेळायला तोच समुद्र."

"म्हणजे ते पंचांग..."

"मग काय मुहूर्त काढत होतो मी? आपल्या गावी, केळशीत, भरती-ओहोटी तिथीवरनंच मोजतात. इथल्या वेळा वेगळ्या, तेवढं बसवून घेतलं." त्यांनी पाण्याकडे बोट केलं. "तुम्ही दोघं पाण्यात, मी एकटा, आणि तुझ्या आईला पोहता येत नव्हतं. मोठ्या भरतीत मी काय केलं असतं? 'पुढे जाऊ नका' असं दिवसभर ओरडत बसायचं नव्हतं मला. तुम्हाला 'नको' म्हणायची वेळच येऊ नये, असा समुद्र शोधायचो."

अर्चनाला आई आठवली. दोघं पाण्यात असेतो सँडविच हातात धरून बसणारी आई. बाहेर आल्यावर मग खायची. तेव्हा वाटायचं, तिला भूक उशिरा लागते.

"मार्चमध्ये मी तारीख सांगितली तेव्हा बोलला का नाहीत?"

"म्हटलं होतं की, 'पौर्णिमा?' म्हणून. तू म्हणालीस, 'हो, मस्त ना.'"

"बाबा."

"सगळं तू ठरवतेस आता. चांगलं ठरवतेस. मला वाटलं, असेल काहीतरी विचार." त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "तुझ्या घरी मला काही कमी नाही गं. इतकं काही कमी नाही, की सकाळी उठायचं कशासाठी ते कळत नाही."

तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. समुद्राच्या आवाजात कुणाला कळणार होतं? बाबांना कळलं असावं, कारण त्यांनी आपला घडीचा रुमाल तिच्या मांडीवर ठेवला. लांबून ईशिता हातात चिप्सचा पुडा सांभाळत धावत येत होती, आणि येतायेताच ओरडत होती, "आजोबा, नारळ दिसली का? पोचली का?"

"पोचला," मुरलीधर म्हणाले.

रविवारी सकाळी सगळी लवकर उठली. समुद्र पुन्हा भिंतीपाशी येऊन उभा होता, कालच्याइतकाच मोठा. अनुपने सामान भरलं. रात्री कुणी काही विचारलं नव्हतं, कुणी सांगितलंही नव्हतं. पण बाबांची निळी बॅग अनुपच्या गाडीशेजारी होती. अक्षयाने येऊन अर्चनाला घट्ट धरलं आणि म्हणाली, "त्यांच्या गोळ्यांचं सगळं सांगून ठेवा मला. सकाळच्या, रात्रीच्या, सगळं." माफ करण्याची ही तिची रीत होती, आणि अर्चनाने ती तशीच घेतली. काल बांधलेली राखी अनुपच्या मनगटावर होती. चिखलाने तिचा रंग गेला होता, पण त्याने ती सोडली नव्हती.

"पुढच्या वर्षीची तारीख तू काढ," तो तिला म्हणाला. "अष्टमी बघून. आम्ही येतो."

मग बाबा आले. ते कोटाच्या एका खिशात काहीतरी शोधू लागले, मग दुसऱ्या. काही सापडेना. शोधायला काही नव्हतंच. किल्ली अनुपकडे होती.

"दोनच महिने गं," खिसा चाचपत, तिच्या तोंडाकडे न बघता ते म्हणाले. "थंडी पडायच्या आत परत येतोय मी. ग्लासगोची थंडी मला थोडीच सोसणार आहे?"

अर्चनाने तो आवाज ओळखला. अकराव्या वर्षापर्यंत तिने त्यावर विश्वास ठेवला होता.

"बरं, बाबा," ती म्हणाली. त्यांच्या मफलरला हात लावावासा वाटला, पण तो त्यांनी नीटच बांधला होता. मग ती वळली, पट्ट्यापट्ट्यांचा टॉवेल खांद्यावर टाकला आणि मुकाट्याने आपल्या गाडीत जाऊन बसली.